लॉर्डाचा पुरावा आणि आपला पुरावा

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून पोरं हसली. म्हणाली, विलायतेतल्या लॉर्डांच्या पदव्या खऱ्या का खोट्या, ह्यावर इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात भांडणं चालतात, त्याचं आपल्याला काय? आपण गोदीत ओझं उचलणारी माणसं. लॉर्ड मेला काय नि जगला काय.

बरोबर आहे. पण आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिच्यावरच्या पाट्या वाचा. रे रोड. हा रे कोण? डोनाल्ड मॅके, अकरावा लॉर्ड रे. १८८५ ते १८९० मुंबईचा गव्हर्नर. पदवी १६२८ ची, स्कॉटलंडची. माणूस जन्मला हॉलंडात, द हेगला. १८७६ साली बाप वारला तसा हा लॉर्ड झाला आणि त्यानंतर, १८७७ साली, ब्रिटिश नागरिक झाला. म्हणजे लॉर्ड आधी, ब्रिटिश मागाहून. रक्त आडवं आलं की देश लागत नाही. पुढं सँडहर्स्ट रोड. हा दुसरा बॅरन सँडहर्स्ट, प्लेगच्या काळातला गव्हर्नर. त्याच्या बापानं १८५७ चं बंड मोडायला हातभार लावला, १८७१ साली बापाला पदवी मिळाली, पोरानं ती वारशात घेतली. ससून डॉक १८७५ चा. तो बांधणारा आल्बर्ट ससून १८९० साली बॅरोनेट झाला. ज्यांनी तिथं दगड वाहिले त्यांच्या नावाची पाटी कुठंय? तेव्हा लॉर्डाचा आणि आपला संबंध नाही असं म्हणू नका. आपण त्यांच्या नावावर चालतो.

आता मुद्द्याकडं येतो. विकिपीडिया तुम्ही सगळे रोज उघडता. १५ जानेवारी २००१ ला तो इंग्रजीत सुरू झाला, मराठीत १ मे २००३ ला. तिथं कुणीही लिहू शकतो. मी दहावी झालेला माणूस, मलाही कुणी सर्टिफिकेट विचारत नाही. पण एक अट आहे. तुम्ही लिहिलं ते कुठं छापून आलंय ते सांगा. तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या आज्याला ठाऊक होतं, अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे, हे चालत नाही. नाही सांगितलंत तर वाक्याच्या शेपटीला चिठ्ठी चिकटते : संदर्भ हवा. दुसरी अट, स्वतः शोध लावायचा नाही. तुम्ही जुनं दप्तर वाचलं, त्यावरून निष्कर्ष काढला, तो बरोबर असला तरी तिथं घालता येत नाही. आधी तो दुसऱ्या कुणी विश्वासाच्या ठिकाणी छापलेला पाहिजे.

ह्या अटींवरून सगळ्यात चिवट भांडणं जिथं होतात त्यातली एक जागा म्हणजे ब्रिटिश सरदारांची पानं. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन अशी ही उतरंड. त्याखाली बॅरोनेट, तो लॉर्ड नव्हे, नुसता वंशपरंपरेचा 'सर'. अर्लाच्या थोरल्या पोराला बाप जिवंत असताना व्हायकाउंट म्हणतात, पण कायद्यानं तो साधा माणूसच. आता कुणाला काय म्हणायचं, सातवा अर्ल कोण, आठवा कोण, मधे कुणी अनौरस होता का, हे ठरवायचं कशावरून?

पुराव्याच्या तिथं पायऱ्या आहेत. सगळ्यात वर राजाची सनद, मोठा शिक्का मारलेली. तिची खबर लंडन गॅझेटात छापून येते. हे गॅझेट १६६५ पासून निघतं. त्याखाली 'कम्प्लीट पीअरेज' नावाचा ग्रंथ, कोकेन नावाच्या माणसानं १८८७ पासून काढलेला. तो दस्तऐवज बघून लिहिलाय म्हणून त्याला मान. मग बर्क आणि डेब्रेट ही दोन जाडजूड पुस्तकं. आणि सगळ्यात खाली हौशी लोकांच्या वेबसाइटी. घरी बसून, पदरमोड करून, लाखो नावं टाइप करणारी माणसं. त्यात एक साइट फार गाजली, द पीअरेज डॉट कॉम. विकिपीडियाच्या हजारो पानांवर तिचा हवाला होता. एका माणसानं चालवलेली साइट, वर संपादक नाही, तपासणारा नाही. २०२० साली तिथल्या लिहिणाऱ्यांनी चर्चा करून ठरवलं, हिचा हवाला बंद.

त्या भांडणातले दोन्ही पक्ष ऐकण्यासारखे आहेत. एक पक्ष म्हणाला, हा माणूस प्रत्येक नोंदीखाली आपण कुठून घेतलं ते लिहितो. बहुतेक ठिकाणी बर्कची २००३ ची आवृत्ती. मग वाईट काय? दुसरा पक्ष म्हणाला, मग बर्कच उघडा आणि बर्कचा हवाला द्या. ज्यानं बर्क वाचलंय असं म्हटलं त्याचा हवाला देऊन बर्क वाचल्याचा आव कशाला? शिवाय आणखी एक धोका. ज्ञानकोशातली चूक साइटवाला उचलतो, मग साइटचा हवाला देऊन तीच चूक ज्ञानकोशात पक्की होते. गावातली कंडी अशीच फिरते. तू कुणाकडून ऐकलंस? त्याच्याकडून. त्यानं? तुझ्याकडून.

इथपर्यंत नियम चोख दिसतो. पण आपण जातीत जन्मलेली माणसं. चोख दिसणाऱ्या नियमाच्या पोटात काय आहे हे बघायची आपल्याला सवय आहे. तर बघू.

हौशी साइट बाद झाली आणि बर्क राहिला. वंशावळीसाठी बर्क विश्वासाचा, असं तिथं धरतात. हा बर्क काय चीज आहे? जॉन बर्क नावाच्या माणसानं १८२६ साली हे पुस्तक काढलं. आपल्याकडं भाट असतो ना, यजमानाच्या दारात बसून त्याच्या खापरपणजोबाला थेट सूर्याला नेऊन भिडवणारा? बर्क हा लॉर्डांचा भाट. घराण्याकडूनच माहिती मागवायची, घराण्यानं जे कळवलं ते सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्यात बांधायचं. ज्याला पुस्तक विकायचं त्यालाच त्याचा आजा कोण ते विचारायचं. फ्रीमन नावाच्या इतिहासकारानं १८७७ साली ह्या वंशावळींची पार सालटी काढली. मग होरेस राउंड आला. त्यानं १९०१ साली फील्डिंग घराण्याचं प्रकरण बाहेर काढलं. हे डेन्बीचे अर्ल. कादंबरीकार हेन्री फील्डिंग ह्यांच्यातलाच. ह्यांचं म्हणणं, आम्ही युरोपच्या हॅब्सबर्ग सम्राटांच्या रक्ताचे. गिबनसारख्या बड्या इतिहासकारानंही ते खरं मानलं होतं. राउंडनं दाखवलं, ज्या कागदांवर हे उभं आहे ते कागदच बनावट, सतराव्या शतकात पैदा केलेले. दोनअडीचशे वर्षं खोटं चाललं. कशामुळं? छापलेलं होतं म्हणून. पुठ्ठा जाड होता म्हणून.

मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. छापलेलं म्हणजे खरं असं नाही. छापलेलं म्हणजे ज्याच्याकडं छापायला पैसा होता त्याचं. पण ह्याचीच दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. बर्कला कुणी पाडलं? शिव्या देऊन नाही पाडलं. राउंड दप्तरात जाऊन बसला, कागदाला कागद लावला, तारखेला तारीख लावली आणि पाडलं.

आता सनदेकडं, गॅझेटाकडं बघू. तो पुरावा तर पक्का ना? पक्काच. अमक्या तारखेला अमक्याला बॅरन केलं. पण का केलं? ते गॅझेट सांगत नाही. १६११ साली पहिल्या जेम्स राजानं बॅरोनेट ही पदवीच नव्यानं काढली. भाव १,०९५ पौंड. अल्स्टरमधे, म्हणजे आयर्लंडच्या लोकांच्या उरावर, तीस सैनिक तीन वर्षं पोसायचा तो खर्च. पहिल्या महायुद्धानंतर लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना तर दुकानच थाटलं होतं. नाइट व्हायचं दहा हजार पौंड, बॅरोनेट तीस हजारांच्या पुढं, लॉर्ड पन्नास हजारांच्या पुढं. इतका बोभाटा झाला की १९२५ साली पदव्यांच्या विक्रीविरुद्ध कायदा करावा लागला. मॉंडी ग्रेगरी नावाचा दलाल त्याखाली १९३३ साली शिक्षा झालेला. पण ज्यांनी विकत घेतल्या त्यांच्या पदव्या? त्या तशाच. त्यांची पोरं, नातवंडं गॅझेटाचा हवाला देऊन सन्मानानं पानावर बसलेली. हवाला खरा, पदवी खरी, तारीख खरी. फक्त माल कुठून आला ते लिहिलेलं नाही.

आपल्या मुंबईचंच घ्या. जमशेटजी जीजीभॉय, १८४२ साली सर, १८५७ साली बॅरोनेट. हिंदुस्थानातला पहिला. दवाखाने बांधले, शाळा बांधल्या, कोण नाही म्हणतो? पण दौलत कशातून आली? चीनशी केलेल्या व्यापारातून, आणि त्या व्यापारात अफू होती. १८६० साली इथल्या कायदेमंडळानं खास कायदा केला की जो जो वारस बॅरोनेट होईल त्यानं आपलं नाव बदलून जमशेटजी जीजीभॉय असंच लावायचं. बघा हां. एका घराण्याचं नाव पुसू नये म्हणून कायदा. आणि आपली नावं? आपल्या आयाबायांची नावं धोंडी, दगडी, कचरी. तीच लावायची, चांगलं नाव ठेवलं तर गाव हसायचं.

आता दोन खटले सांगतो. पुरावा कुणाचा धरतात ते कळेल.

पहिला टिचबोर्नचा. रॉजर टिचबोर्न हा बॅरोनेट घराण्याचा वारस १८५४ साली समुद्रात बुडाला. बारा वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या वागावागा गावचा एक खाटीक उठला, म्हणाला मीच तो. बुडालेल्याच्या आईनं त्याला पोटाशी धरलं. पण बाकी घराणं उलटलं. खटला चालला आणि दावेदार हरला. मग त्याच्यावरच फौजदारी झाली, १८८ दिवस चालली. १८७४ साली चौदा वर्षांची सजा. तो तोतया होता असंच बहुतेक सगळे मानतात. पण गंमत ही की इंग्लंडातला मजूर त्याच्या पाठीशी उभा राहिला. सभा भरल्या, वर्गण्या झाल्या. का? गरिबाला वाटलं, कोर्ट, वकील, जमीनदार सगळे एक होऊन एका खाटकाला चिरडतायत. आणि दावेदाराच्या बाजूनं एक साक्षीदार उभा होता, अँड्र्यू बोगल. जमैकात गुलाम म्हणून जन्मलेला काळा माणूस. टिचबोर्न घराण्यात उभा जन्म चाकरी केलेला. त्यानं सांगितलं, हाच तो, मी ओळखतो. कोर्टानं ते धरलं नाही. घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ पुस्तकात आहे. बोगलची वंशावळ कुठं आहे? गुलाम म्हणून मळ्याच्या मालमत्तेत असेल ती. घराण्याला सगळ्यात जवळून बघितलेला माणूस चाकर असतो, पण पुस्तक चाकराला विचारून लिहीत नाहीत. मी असं म्हणत नाही की बोगल बरोबर होता. मी म्हणतो, चाकराच्या तोंडाला किंमत किती, ते बघा.

दुसरा खटला आपल्या देशातल्या माणसाचा. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, बंगालचा बॅरिस्टर. १९१९ साली त्याला रायपूरचा बॅरन सिन्हा केलं. वंशपरंपरेनं लॉर्ड झालेला एकमेव हिंदी माणूस. १९२८ साली तो वारला. पोरगा लंडनला गेला, म्हणाला बापाची खुर्ची द्या. तिथल्या सभागृहाची समिती म्हणाली, पुरावा आण. तुझ्या आईबापाचं लग्न हिंदू पद्धतीचं. त्या पद्धतीत पुरुष दुसरी बायको करू शकतो. मग असं लग्न आमच्या कायद्यात लग्न ठरतं का? आणि लग्न नाही ठरलं तर तू औरस कसा? खुर्ची मिळायला १९३९ साल उजाडलं. अकरा वर्षं.

ह्या सगळ्या कारभाराच्या मुळाशी काय आहे ते बघा. सनदेत लिहिलेलं असतं : कायदेशीर लग्नातून झालेल्या पुरुष वारसांना. पोरगी नाही. बाहेरचा नाही. म्हणजे पदवी सांभाळायची तर बाईच्या उंबऱ्यावर पहारा ठेवायचा. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात जातीवरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी हेच सांगितलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्याचा सगळा भार बाईवर पडतो. इंग्रज लॉर्ड आणि आपला बामण, दोघांचा धंदा एकच, रक्ताची राखण. आणि ही राखण किती पोकळ? २०१६ साली लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढं स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याचा दावा निघाला. १६८३ ची बॅरोनेटकी. डीएनए तपासला तर निघालं, मधला एक वारस त्याच्या कागदावरच्या बापाचा मुलगा नव्हताच. पदवी दुसऱ्या फांदीकडं गेली. छापील वंशावळीत ती ओळ सरळ चालली होती. रक्तानं छापील पुस्तकाला खोटं पाडलं.

आता आपल्याकडं येतो. इथं माझं काही जणांशी भांडण आहे, ते तोंडावर बोलतो.

आपली काही पोरं विकिपीडियावर जातात, आपल्या जातीचं पान उघडतात आणि लिहितात, आम्ही राजे होतो, आम्ही अमक्या वंशाचे, आमचं राज्य इथून तिथवर होतं. घटकाभरात ते उडतं. मग पोरं म्हणतात, बामणांनी उडवलं. कधी तसंही असेल. पण बऱ्याच वेळा ते उडतं कारण खाली हवाला नसतो, नाहीतर हवाला असतो कुणा इंग्रज अंमलदाराच्या पुस्तकाचा. आणि इंग्रजी विकिपीडियावरचा एक संकेत मला मोलाचा वाटतो : जातींच्या बाबतीत इंग्रज अमदानीतल्या अंमलदारांची पुस्तकं भरवशाची धरायची नाहीत. रिस्ले, ज्यानं नाकं मोजून वंश ठरवले. १९१६ चा रसेल. एन्थोव्हेन. ह्यांनी माहिती कुणाला विचारली? बहुतेक वेळा गावच्या कुलकर्ण्याला, भटाला, वरच्या जातीच्या कारकुनाला. महार कसा हे बामणाला विचारून साहेबानं लिहिलं. म्हणजे बर्कच, फक्त उलटा. लॉर्डाची माहिती लॉर्डाला विचारून लिहिली म्हणून तो देव झाला. आमची माहिती आमच्या दुश्मनाला विचारून लिहिली म्हणून आम्ही चोर झालो. तेव्हा नियम आपल्याला अडवतो तसा आपल्या छातीवरचा धोंडाही हलवतो. ही धार आपल्या हातात घ्या.

आणि पोरांनो, आम्ही राजे होतो म्हणून काय सिद्ध करायचंय? ज्याचा आजा राजा नव्हता तो माणूस नाही का? आपण जर आपला बर्क काढला, आपले लॉर्ड नि आपले ड्यूक बसवले, तर खाली बसायला पुन्हा कुणीतरी लागेलच. संविधान उघडा. सतरावं कलम अस्पृश्यता मोडतं. त्याला लागून अठरावं कलम पदव्या मोडतं. राज्यानं किताब द्यायचे नाहीत, लष्करी आणि शिक्षणाचे सोडून. दोन कलमं शेजारी शेजारी आहेत हे विसरू नका. जन्मानं नीच कुणी नाही म्हणायचं तर जन्मानं उच्चही कुणी नाही हे त्याच दमात म्हणावं लागतं. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण ह्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा प्रस्तावनेतच सांगून टाकलं की जिथं कागद नाही तिथं मी तर्कानं दुवा जोडतोय, तो तपासा. बर्कनं असं कधी म्हटलं? हा फरक आहे. तर्काला तर्क म्हणायची हिंमत पाहिजे. तर्काला सनद म्हणणं हे भाटाचं काम.

पण मग आपला पुरावा कुठाय? हा खरा सवाल.

आपल्यात बावन्न हक्कांची गोष्ट सांगतात. बेदरच्या बादशहानं अमृतनाकाला सनद दिली. लॉर्डाची सनद दप्तरात जपलेली, अमृतनाकाची तोंडात जपलेली. ज्ञानकोश विचारतो, कुठं छापलंय? २०११ साली काही लोकांनी हिंदुस्थानात आणि दक्षिण आफ्रिकेत प्रयोग केला. ज्या गोष्टी कुठं छापलेल्याच नाहीत त्या माणसांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करायच्या आणि तोच हवाला द्यायचा. चांगला प्रयोग होता. पण इंग्रजी विकिपीडियाचा नियम काही बदलला नाही. छापील ते छापीलच.

आता बघा वंशपरंपरा कशी दोन्हीकडं चालते. १८७४ साली मुंबई सरकारनं वंशपरंपरेच्या हुद्द्यांचा कायदा केला. महाराची वतनदारी त्यात बांधली. बाबासाहेबांनी १९२८ साली तो बदलायला बिल आणलं. वतन मोडायचा कायदा व्हायला १९५८ साल आलं. लॉर्डही वंशपरंपरेचा, महारही वंशपरंपरेचा. लॉर्डाला वारशात खुर्ची, आपल्याला वारशात वेठ. सिन्हाच्या पोराला खुर्चीसाठी अकरा वर्षं पुरावा द्यावा लागला. महाराच्या पोराला मेलेलं ढोर ओढायला लावताना कुणी जन्मदाखला मागितला? कुणी विचारलं, तुझ्या आईबापाचं लग्न कायदेशीर आहे का? नाही. तिथं सगळ्या गावाची खात्री होती. अपमानाला पुरावा लागत नाही. हक्काला लागतो. आज जात पडताळणीच्या रांगेत उभे राहा. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा कागद आण म्हणतात. आज्याच्या शाळेचा दाखला आण. ज्या आज्याला शाळेच्या दारात उभं केलं नाही त्याचा शाळेचा दाखला! लॉर्डाच्या वारसालासुद्धा २००४ पासून नोंदवहीत नाव लावायला पुरावा द्यावा लागतो, खरं आहे. पण त्याचा कागद सांभाळायला दोनशे वर्षं बर्क बसला होता. आपला कागद सांभाळायला कोण बसलंय?

गोदीतलीच एक गोष्ट घ्या. १४ एप्रिल १९४४. आपली जयंतीची तारीख. व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. पोटात दारूगोळा आणि कापूस. सोन्याच्या पेट्या ३१, मोजून लिहिलेल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले, त्यांचा आकडा पक्का, त्यांची दरवर्षी आठवण होते, झालीच पाहिजे. एकूण माणसं किती मेली? कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. पाचशेचा फरक! हे पाचशे कोण? हे लॉर्ड नव्हते. ही रोजावरची माणसं, हमाल, बिगारी, बायका, पोरं. सोनं पेटीपेटीनं मोजलं आणि माणूस अंदाजानं. सातव्या अर्लाची तिसरी पोरगी कुठल्या तारखेला जन्मली ह्यावर जग पानंच्या पानं भांडतं. आणि आपली पाचशे माणसं होती का नव्हती, ह्याला संदर्भ हवा.

मी रडायला उभा नाही. काम सांगायला उभा आहे.

एक. घरातल्या पत्र्याच्या पेटीतले कागद जाळू नका, रद्दीत घालू नका. बिल्ला, हजेरी कार्ड, युनियनची पावती, रेशनकार्ड, मोर्च्याचं पत्रक. त्यावर तारीख आहे. तारीख म्हणजे दात.

दोन. म्हाताऱ्या माणसांकडं जा. बोलतील ते जसंच्या तसं लिहा. कोण बोललं, कुठं, कधी, समोर कोण होतं ते लिहा. आवडलं नाही म्हणून गाळू नका, फुगवू नका. बाईला आधी विचारा, कारण तिला कुणीच विचारलेलं नसतं.

तीन. ते छापा. आपलं हे चोपडं कसल्याही कागदावर निघो, त्यावर अंक, महिना, साल, पत्ता नीट घाला आणि दोन प्रती सार्वजनिक ग्रंथालयात टाका. मागच्या पिढीची किती अनियतकालिकं निघाली आणि वाळवीनं खाल्ली. त्यांनी लिहिलं ते पेटतं होतं, पण वर साल नाही, खाली पत्ता नाही. उद्या हवाला कशाचा द्यायचा?

चार. मग ज्ञानकोशात जा. मराठीत जा, इंग्रजीत जा. शिव्या घेऊन जाऊ नका, हवाला घेऊन जा. उडवलं तर चर्चेच्या पानावर ठाण मांडा, विचारा का उडवलं. नियम त्यांचाच त्यांच्यापुढं धरा. भीमा कोरेगावच्या खांबावर नाक लावलेली नावं दगडात कोरलेली आहेत, ती काय कुणा भाटानं लिहिली? दगडाला तर वाळवीसुद्धा लागत नाही.

आणि पाच. खोटी वंशावळ आपल्या पोरानं लिहिली तरी ती आपणच आधी खोडायची. राउंड इंग्रज होता, त्यानं इंग्रजांच्याच थोरवीचा फुगा फोडला. आपल्याला आपल्याशी तेवढं कडक राहता आलं, तर उद्या कुणाची माय व्यालीय आपलं पान उडवायची?

आपल्याला लॉर्डांच्या पंगतीला जागा नको. पंगतच मोडायची आहे. पण ती मोडली ह्याचा कागद मात्र आपल्या हातचा पाहिजे, आपल्या अक्षरातला, तारखेसकट.

जय भीम.